यूपीएस वगैरे

जुन्या लॅपटॉपने मान टाकली तेव्हा कामोठ्याला राहणारा माझा भाचा म्हणाला, "आत्या, तयार घेऊ नकोस. आपण जुळवू." मी भाषांतराची कामं करते, दिवसाचा बराचसा वेळ स्क्रीनपुढेच जातो, त्यामुळे मीही लगेच हो म्हटलं. त्याने केलेल्या यादीत प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट या मानकऱ्यांना प्रत्येकी एक ओळ होती, पुढे मॉडेल नंबर आणि दोन दुकानांतले भाव. तळाशी एकच ओळ: 'यूपीएस वगैरे'. प्रोसेसरबद्दल सांगायला सगळं जग टपून बसलेलं आहे. पण नवीन पनवेलमधल्या सिडकोच्या वेळच्या इमारतीत, खाडीकडच्या दमट वाऱ्यात, चहूबाजूंनी टॉवर उठत असताना ते यंत्र जगवायचं कसं, हे मला वायरमन, मीटर-रूम आणि पाली यांच्याकडून कळलं. त्या 'वगैरे'तून हाती लागलं ते असं.

१. यंत्राच्या संरक्षणाची सुरुवात भिंतीत होते, आणि भिंतीत काय आहे हे घराच्या मालकिणीलाच ठाऊक नसतं. टेबलाजवळचा बोर्ड एकदा बघून घ्यावा म्हणून वायरमनला बोलावलं. त्याने पिशवीतून होल्डरला लावलेला साधा बल्ब काढला आणि त्याच्या वायरची दोन टोकं फेज आणि न्यूट्रलच्या भोकांत घातली. बल्ब लख्ख. मग न्यूट्रलमधलं टोक काढून वरच्या मोठ्या, अर्थच्या भोकात घातलं. बल्ब ढिम्म. बोर्ड उघडला तर हिरवी वायर आत होती. नीट वेटोळं करून ठेवलेली, आणि कशालाही न जोडलेली. "ताई, बोर्ड तीन पिनांचा आहे, लाइन दोनच पिनांची," तो म्हणाला. याच बोर्डावर टेबल-लॅम्प, लॅपटॉप, इस्त्री सगळं बिनबोभाट चालत आलं होतं. अर्थिंग नसल्याने काहीच बंद पडत नाही, त्यामुळे ते नाही हे कळायला वाव नसतो.

कॉम्प्युटर मात्र चुगली करतो. त्याच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यात, विजेतला गोंगाट गाळून अर्थमध्ये सोडणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थच नसेल तर ती गळती कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन थांबते, आणि पत्रा जवळपास निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. प्रवाह अगदी क्षीण, त्यामुळे झटका बसत नाही, बोटांना नुसत्या मुंग्या येतात. यावर घरोघरी एकच उपाय सांगतात: पायात स्लिपर घाल. त्याने माणूस वाचतो, पण त्याच पत्र्याला जोडलेल्या पेनड्राइव्हने आणि हेडफोनने कुठली स्लिपर घालायची?

मग वायर जोडून घेतली आणि मल्टिमीटरने तीन आकडे बघितले. फेज ते न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज ते अर्थ तितकंच, न्यूट्रल ते अर्थ जेमतेम एक-दोन व्होल्ट. हा तिसरा आकडा फुगला तर काहीतरी बिनसलेलं आहे असं समजायचं. उन्हाळ्यात तो फुगतोही, कारण मीटर-रूममागच्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यातली माती सुकते. आमच्या सोसायटीत आता एप्रिल-मेमध्ये वॉचमन तुळशीबरोबर त्या खड्ड्यालाही तांब्याभर पाणी घालतो. सभेत हा विषय मी मांडला तेव्हा सेक्रेटरींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी अजून विसरलेले नाही.

२. स्पाइक गार्ड नावाची वस्तू बहुतेक वेळा स्पाइक गार्ड नसते. दुकानात ज्याला सर्रास स्पाइक गार्ड म्हणतात त्यातली बरीचशी नुसती एक्स्टेन्शन असतात, वर लाल दिवा आणि बटण. खऱ्या स्पाइक गार्डच्या पोटात झिंक ऑक्साइडची एक चकती असते, तिला एमओव्ही म्हणतात. नेहमीच्या व्होल्टेजला ती विजेला अजिबात वाट देत नाही. व्होल्टेज क्षणभर उसळलं की वाट उघडते, उसळी आपल्या अंगावर घेते आणि पुन्हा मिटते. खोक्यावर जूल असा जो आकडा लिहिलेला असतो, तो ही चकती किती उसळ्या पचवेल याचा. मला नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं: दर उसळीला ती थोडी झिजते, आणि एक दिवस पुरती संपते. त्यानंतरही सॉकेटं चालूच राहतात, लाल दिवा पेटत राहतो. म्हणून 'प्रोटेक्शन शाबूत' असा वेगळा दिवा असलेलाच स्पाइक गार्ड घ्यावा, असं माझं मत झालं. शिवाय चांगल्या स्पाइक गार्डमध्ये अशा एकाहून जास्त चकत्या असतात, आणि त्यातल्या दोन उसळी अर्थमध्ये ढकलण्यासाठी असतात. पहिल्या मुद्द्यातली हिरवी वायर वेटोळ्यातच राहिली असती, तर त्या दोघी कायम रजेवर.

३. आपण ज्या संकटाची तयारी करतो ते वेगळं असतं, येणारं वेगळं. मी विजेच्या लोळाला घाबरत होते. वायरमन म्हणाला, "ताई, वीज कधी तरी पडेल. न्यूट्रल दर पावसाळ्यात ढिला होतो." हे प्रकरण समजून घ्यायला मला कागद-पेन्सिल लागली. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल येतो. प्रत्येक घराला एक फेज आणि सगळ्यांत सामाईक न्यूट्रल. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये ४००. कुठेतरी न्यूट्रलचा सांधा गंजून सुटला की दोन वेगळ्या फेजवरची घरं त्या ४०० व्होल्टच्या दोन टोकांना एकामागे एक जोडली जातात. मग वाटणी कशी होते? ज्याच्याकडे गीझर चालू आहे त्याच्या वाट्याला कमी व्होल्टेज, आणि ज्याच्याकडे बिचारा एक पंखा आणि वायफायचा राउटर चालू आहे त्याच्यावर सगळा भार. म्हणजे काटकसरी घराची उपकरणं आधी जळतात. विजेच्या न्यायदेवतेबद्दल माझं मत तेव्हापासून फारसं बरं नाही.

इथे स्पाइक गार्ड हतबल असतो. त्याची चकती सेकंदाच्या बारीकशा अंशापुरत्या उसळीसाठी बनवलेली. मिनिट-दोन मिनिटं टिकून राहिलेल्या जादा व्होल्टेजपुढे ती तापते, फुटते, कधी धूरही काढते. इथे लागतो तो व्होल्टेज एका मर्यादेबाहेर गेलं की लाइन तोडणारा रिले. घरातल्या डीबीमध्ये, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीत, एमसीबीशेजारी बसतो, डोळ्यांत भरत नाही, आणि कॉम्प्युटरबरोबर फ्रिज-टीव्हीलाही पदरात घेतो. भाच्याच्या यादीत ही वस्तू नव्हतीच, कारण कॉम्प्युटरच्या दुकानात ती मिळत नाही. ती इलेक्ट्रिकल सामानाच्या दुकानात मिळते, आणि त्या दोन दुकानांत एकमेकांबद्दल कुणी बोलत नाही.

४. यूपीएस काम चालू ठेवण्यासाठी नसतो, काम आवरण्यासाठी असतो. हे मला पचायला जड गेलं, कारण माझ्या मनात लाईट गेल्यावर यूपीएसवर निवांत भाषांतर करणारी बाई होती. ६०० व्हीए लिहिलेला घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, आणि आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची एक शिशाची बॅटरी असते. कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून दोनशेएक वॉट खेचत असतील तर हाती दहाएक मिनिटं येतात. "आत्या, ती फाइल सेव्ह करायला आहेत, सिरियल बघायला नाहीत," इति भाचा.

१२ ऑक्टोबर २०२०चा सोमवार आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. वीज टप्प्याटप्प्याने परत यायला कित्येक तास लागले. त्या दिवशी कुठलाच घरगुती यूपीएस कुणाचं काम चालू ठेवू शकला नसता. फाइल मिटवून शहाण्यासारखं उठणं एवढंच तो मिळवून देऊ शकत होता.

निवडताना दोन गोष्टी विचारायच्या. एक, तो 'लाइन-इंटरॅक्टिव्ह' आहे का, म्हणजे व्होल्टेज जरा कमी-जास्त झालं की बॅटरीला हात न लावता आतल्या आत सावरतो का. पनवेलला संध्याकाळी सगळ्यांचे एसी लागले की हे सावरणं सतत चालू असतं. प्रत्येक वेळी बॅटरी वापरणारा यूपीएस लवकर म्हातारा होईल. दुसरी गोष्ट, बॅटरीवर गेल्यावर तो देत असलेली लहर शुद्ध साइन आहे की पायऱ्या-पायऱ्यांची. हल्लीच्या चांगल्या एसएमपीएसपैकी काहींना ती पायऱ्यांची लहर रुचत नाही आणि नेमक्या लाईट जाण्याच्या क्षणी ते बंद पडतात. बंद पडू नये म्हणून घेतलेल्या वस्तूमुळेच बंद! त्यामुळे एसएमपीएस आणि यूपीएस यांची पत्रिका जुळवूनच खरेदी करावी. पाठीमागे बीआयएसचा आर क्रमांक आहे ना, तेही पाहावं. आणि बॅटरीला उकाडा सोसत नाही. दिसू नये म्हणून यूपीएस कपाटात कोंडला की तिचं आयुष्य घटतं. तो दिसतो, अधूनमधून पीं-पीं करतो, पाहुण्यांना दचकवतो. चालवून घ्यायचं.

५. घरात इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला, हा प्रश्न आमच्याकडे बरेच दिवस गाजला. उत्तर मिलिसेकंदांत आहे. लाईट गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, विजेच्या एका फेऱ्यापेक्षाही कमी. इन्व्हर्टर त्याच्या साध्या मोडवर याहून उशिरा जागा होऊ शकतो. पंख्याला कळतही नाही, कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे हा उशीर कमी करणारं 'यूपीएस मोड'चं एक बारीक बटण असतं. आमच्याकडे ते असल्याचा शोध या वादातच लागला.

६. सगळ्यांत महत्त्वाच्या संरक्षक वस्तूला कुणी संरक्षक वस्तू म्हणत नाही, ती म्हणजे एसएमपीएस. बजेट ताणलं की पहिली कात्री तिच्यावर. लॅमिंग्टन रोडला (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन) काउंटरवरचा मुलगा बजेट विचारतो आणि पाच मिनिटांत कागदावर जमवून देतो. त्या कागदावर ग्राफिक कार्डाचं नाव ठसठशीत असतं आणि एसएमपीएसपुढे नुसतं '५०० वॉट'. मी 'एटी प्लस ब्राँझ' असं मोठ्या ऐटीत विचारलं, तेवढंच पाठ केलं होतं. नंतर कळलं की तो शिक्का कार्यक्षमतेचा आहे: भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती आत पोहोचते आणि किती उष्णता होऊन वाया जाते, याचा. जादा व्होल्टेज, जादा प्रवाह, शॉर्ट सर्किट झालं तर डबा स्वतःला बंद करतो का, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. ते वेगळं विचारावं लागतं. मी विचारलं तेव्हा त्या मुलाने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

एक अवांतर: कॅबिनेटचं खोकं घेऊन ग्रँट रोड, दादर, कुर्ला असं बदलत पनवेलला यायचं असेल तर दुपारची वेळ गाठा. संध्याकाळच्या पनवेल लोकलमध्ये चढणारे कॅबिनेटकडे सामान म्हणून बघत नाहीत, बसायची जागा म्हणून बघतात.

७. प्लगमधल्या विजेपासून सांभाळलं तरी वायरीतून येणारी दुसरी पाहुणी आहेच, आकाशातली वीज. आपल्याकडे ढगांचा कडकडाट भर पावसाळ्यापेक्षा वळवाच्या सरींत आणि परतीच्या पावसात जास्त. केबलवाल्याची इंटरनेटची तांब्याची वायर गच्चीवरून गच्चीवर लोंबत येते, आणि दूर कुठे वीज पडली तरी त्या वायरीत उसळी उठू शकते. स्पाइक गार्ड, यूपीएस सगळं प्लगच्या वाटेवर राखण करत उभं असतं आणि चोर लॅनच्या खिडकीतून आत येतो. फायबर घेतल्यावर ही खिडकी बरीचशी बंद झाली, कारण काच वीज वाहून नेत नाही. राउटरचा अडॅप्टर तेवढा उरतो. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने केलेलं 'दामिनी' अ‍ॅप आसपास वीज पडत असल्याची सूचना देतं. ती आली की मी प्लग ओढून काढते. याहून स्वस्त उपकरण मला अजून सापडलेलं नाही.

८. धूळ आणि दमट हवा वेगवेगळ्या आल्या तर परवडतात. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं, त्याच्या कितीतरी आधीपासून पनवेलच्या चारी दिशांना बांधकामं आहेत आणि खडीचे डंपर आहेत. डिसेंबर ते मे ही कोरडी धूळ पंख्यांवर नुसती बसते. जूनमध्ये हवेतलं पाणी तिच्यात मुरतं आणि तिचा लेप होतो. असा ओला लेप सर्किटवर थोडीफार वीजही वाहू देतो, आणि तांब्याला हिरवट गंज आणतो. म्हणून भाच्याने काचेच्या तोंडाचं देखणं कॅबिनेट दाखवलं तेव्हा मी जाळीच्या तोंडाचं आणि ओढून काढता येणाऱ्या फिल्टरचं घेतलं. हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा एकाने जास्त ठेवले, म्हणजे फटीफटींतून धूळ आत खेचली जात नाही, उलट हवा बाहेर जाते. पण फिल्टर लावला म्हणजे सुटलो, असं नाही. तुंबलेला फिल्टर नसलेल्या फिल्टरपेक्षा वाईट, आत भट्टी होते. तो धुवून, सावलीत कडकडीत वाळवून परत बसवणं हे काम आमच्याकडे गौरीगणपतीच्या साफसफाईत आणि दिवाळीच्या साफसफाईत आपोआप होतं. मधल्या काळात मला स्वतःलाच आठवण ठेवावी लागते.

९. झाकून ठेवणं म्हणजे जपणं, ही माझ्या पिढीची समजूत. आम्ही कॉम्प्युटर शिकलो तेव्हा चपला दाराबाहेर काढायच्या, आत एसी, आणि प्रत्येक मशिनवर प्लॅस्टिकचं कव्हर. त्यामुळे कव्हर शिवायला टाकायचं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. पण पनवेलच्या जुलैमध्ये प्लॅस्टिकखाली कोंडलेली दमट हवा यंत्राला बाहेरच्या धुळीपेक्षा जास्त छळते. झाकायचंच तर सुती कापड, तेही यंत्र गार झाल्यावर. त्याहून बरा उपाय म्हणजे पावसाळ्यात रोज थोडा वेळ ते चालू करणं. स्वतःच्या उबेने ते स्वतःला वाळवतं. गावाला जाताना सिलिका जेलच्या पुड्या आत ठेवाव्यात, पण परत आल्यावर आठवणीने काढाव्यात, पंख्यात अडकल्या की वेगळाच आवाज येतो.

आणि पाली. उबेसाठी त्या एसएमपीएसच्या जाळीशी येतात, आणि कॅबिनेटच्या मागच्या बाजूला वापरात नसलेल्या खाचा उघड्या राहिल्या तर तिथून आत शिरतात. त्या खाचा बंद करायला पत्र्याच्या पट्ट्या कॅबिनेटबरोबरच येतात. जुळवताना त्या कचऱ्यात जातात, कारण त्या कशासाठी आहेत ते कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. आत पाल शॉर्ट होऊन मेली, तर पालही जाते आणि मदरबोर्डही.

१०. सगळ्यांत हौसेने घेतलेली वस्तू सगळ्यांत कमी वापरात आली, ती म्हणजे मनगटाचा अँटी-स्टॅटिक पट्टा. अंगावर साठलेली स्थिर वीज चिपला लागू नये म्हणून तो बांधायचा आणि दुसरं टोक अर्थला लावायचं. त्यात एक मेगाओहमचा रोध असतो, म्हणजे चुकून फेजला हात लागला तरी माणूस वाचावा. वस्तू उत्तम आहे, फक्त ती कोरड्या हवेच्या मुलखातल्यांसाठी जास्त. दमट हवेत अंगावर स्थिर वीज फारशी साठत नाही, आणि आम्ही जुळवलं तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता. थंडीत, सिंथेटिक कपडे आणि लोकरीची शाल पांघरून कुणी जुळवणार असेल तर जरूर बांधावा. एरवी सुती कपडे घालायचे आणि एसएमपीएस प्लगमध्ये लावून, त्याचं बटण बंद ठेवून, त्याच्या पत्र्याला अधूनमधून हात लावायचा. अर्थात भिंतीतली हिरवी वायर जोडलेली असेल तरच. मदरबोर्ड मात्र त्याच्या चंदेरी पिशवीवर ठेवून चालू करून बघू नये, ती पिशवी बाहेरून वीज वाहू देते. पुठ्ठ्याचं खोकं बरं.

११. कॅबिनेटची काच हातोड्याला दाद देत नाही आणि फरशीला शरण जाते. टफन्ड काचेचं पान सपाट बाजूने दणकट असतं, पण तिची कड विट्रिफाइड टाइलवर टेकली की क्षणात चुरा होऊ शकतो. टाइल काचेहून कठीण, आणि सगळा भार कडेच्या एका बिंदूवर. उपाय एका ओळीचा: सतरंजी अंथरा.

१२. संरक्षणाचा एक भाग कागदी आहे. जळाल्याची खूण दिसली की बहुतेक पार्टची वॉरंटी लागू होत नाही, म्हणजे वरच्या सगळ्या खटाटोपाला विमा नाही. बाकी बिघाडांना वॉरंटी मिळते, पण त्यासाठी बिल लागतं, आणि बरीच बिलं थर्मल कागदावर असतात. पनवेलच्या एका उन्हाळ्यात आणि एका पावसाळ्यात तो कागद कोरा होऊ शकतो. मी घरी पोहोचल्याबरोबर बिलांचे आणि प्रत्येक पार्टवरच्या सिरियल नंबरांचे फोटो काढले आणि भाच्यालाही पाठवले. रिकामी खोकी माळ्यावर टाकली आहेत. त्यांना कसर लागेल, अशी घरातल्यांची तक्रार आहे. मदरबोर्डची वॉरंटी तीन वर्षांची आहे, तोवर ती तिथेच राहतील असं मी सांगून ठेवलंय.